दुखण्याशीं तह

मराठी भाषेंत दुखण्याला जितके शब्द आहेत तितके सुखाला आहेत कीं काय, याविषयीं आम्हांस शंका आहे. दाढ ठणकते, पोटांत कळ येते, गळूं ठसठसतें, डोळे चुरचुरतात, जखम हुळहुळते, तळपायांची आग होते, पोटऱ्यांत गोळे येतात, पाठींत उसण भरते, आणि कंबर? कंबर नुसती ‘धरते’. ज्या आजीबाईंनीं हे शब्द घडविले त्यांनीं वैद्यकाचा एकहि ग्रंथ वाचलेला नव्हता. परंतु प्रत्येक वेदनेची जात निराळी असते, आणि जात ओळखल्यावांचून तिच्यावर तोडगा चालत नाहीं, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें.

या सर्व शब्दांच्या पलीकडे दुखण्याचा आणखी एक भेद आहे. कांहीं दुखणीं पाहुणीं असतात, तर कांहीं बिऱ्हाडकरू. बोट चिरलें, हाड मोडलें, म्हणजे जें दुखतें तें पाहुणें दुखणें. तें येतें, ‘येथें जपा’ एवढा निरोप सांगतें, आणि जखम भरली कीं निघून जातें. त्याचा निरोप आपल्या हिताचाच असतो. तो मिळाला नसता तर मनुष्यप्राणी चुलींतून हातहि बाहेर काढता ना. दुसऱ्या जातीच्या दुखण्याचा निरोप केव्हांच सांगून झालेला असतो, पण दार ठोठावणें कांहीं थांबत नाहीं. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या, अथवा जाऊन पुन्हां पुन्हां उलटणाऱ्या वेदनेस वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणतें. अशा वेदनेवर संमोहनाचा उपाय कितपत चालतो, याचा आम्हांस जो अनुभव आला तो, आणि त्या निमित्तानें जें वाचनांत आलें तें, वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

आमच्या कंबरेंत हें बिऱ्हाड आलें त्याला आतां नऊ वर्षें होतील. निमित्त अगदीं क्षुल्लक. कोठीच्या खोलींत धान्याचा डबा उचलतांना एक कळ आली. ती चार दिवसांत जाईल असें सर्वांस वाटलें; ती गेली नाहीं. मग क्ष-किरण झाले, एम्‌. आर. आय्‌. झालें, शेक झाले, पट्टे झाले, व्यायाम झाले, आणि गोळ्यांनीं तर एक कप्पाच भरला. मणक्यांमधील चकत्या वयाच्या मानानें जितक्या झिजाव्यात तितक्याच झिजल्या होत्या. शस्त्रक्रियेचें कारण नव्हतें. शेवटीं ज्या तज्ज्ञांकडे गेलों त्यांनीं आमच्याकडे न पाहतां चित्रांकडे पाहिलें आणि सांगितलें, “यांत कांहीं नाहीं. मनाला लावून घेऊं नका.”

हें वाक्य आमच्याबरोबर घरीं आलें, आणि दुखण्यापेक्षां त्यानेंच आम्हांस अधिक छळिलें. आमचें घर मोठें आहे. मातोश्री, आम्ही उभयतां, धाकटे बंधु व भावजय, पुतणी, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडें, अशीं दहा माणसें एका स्वयंपाकावर जेवतात. अशा घरांत दुखणें एकाच्या कंबरेंत असतें, पण त्याचा भार सगळें घर वाहतें. गणपतीची प्रतिष्ठापना धाकट्या बंधूंकडे गेली, कारण आम्हांस पाटावर अर्धा तास बसवेना. धाकट्या नातवास ‘आजोबांच्या अंगावर चढूं नकोस’ ही ताकीद त्याला चालतां येऊं लागलें तेव्हांपासून मिळाली. आम्ही कूस बदललीं कीं सौभाग्यवती जागी होई. तिची झोप तर आमच्या आधींच उडाली होती. घरांतील सगळीं माणसें आमच्याभोंवतीं जपून वावरत, आणि तरीहि, खरें सांगावयाचें तर, त्या दहा माणसांत आम्ही एकटे होतों. कारण प्रत्येकाच्या मनांत एक प्रश्न होता, आणि तो मातोश्रींनीं सरळपणें विचारला: “चित्रांत कांहीं नाहीं, तर मग दुखतें तें काय?”

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. दुखणाऱ्या माणसाला औषधाइतकीच साक्षीदाराची गरज असते, आणि येथें तर मोठमोठीं यंत्रें विरुद्ध साक्ष देऊन गेलीं होतीं.

अशांत एके रात्रीं जेवतांना, वैद्यकीच्या शेवटच्या वर्षांत असलेल्या आमच्या पुतणीनें ‘संमोहन’ हा शब्द उच्चारला, आणि पंगतींत एकदम शांतता पसरली. “म्हणजे वशीकरण कीं काय ग?” मातोश्रींनीं विचारलें. बंधूंना कॉलेजांतल्या दिवसांचा एक रंगमंचावरील प्रयोग आठवला. त्यांत एका भल्या कारकुनानें कांदा सफरचंद म्हणून आवडीनें खाल्ला होता. पुतणी म्हणाली, “आजी, वशीकरणांत माणूस दुसऱ्याच्या ताब्यांत जातो. यांत त्याचा ताबा त्याच्याकडेच द्यावयाचा असतो. काका, एकदां भेटून तर या.” आम्ही भेटण्याचें कबूल केलें, पण त्याआधीं आमच्या जुन्या खोडीप्रमाणें आठ दिवस पुस्तकांत घालविले. त्यांत जें सांपडलें त्यांतील कांहीं भाग आमच्याच देशांतला निघाला.

या विद्येचा अर्वाचीन इतिहास फ्रान्ट्स आंतोन मेस्मर या व्हिएन्नाच्या वैद्यापासून धरितात. १७७८ सालीं तो पॅरिसला आला, आणि प्राण्यांच्या देहांत लोहचुंबकासारखा एक प्रवाह असतो, तो हातवाऱ्यांनीं वळवितां येतो, असें सांगून त्यानें रोगी बरे करण्याचा सपाटा लाविला. १७८४ सालीं फ्रान्सच्या राजानें चौकशीस मंडळ नेमिलें. त्यांत बेंजामिन फ्रँकलिन व रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हे होते. त्यांनीं रोग्यांचे डोळे बांधून परीक्षा केली. प्रवाह सोडला आहे असें रोग्यास नुसतें वाटलें तरी परिणाम होई. खरोखर हातवारे केले पण त्याला कळूं दिलें नाहीं, तर कांहींच होत नसे. प्रवाह वगैरे कांहीं नाहीं, हा सर्व कल्पनेचा खेळ आहे, असा निकाल लागला. निकाल अगदीं बरोबर होता. परंतु ज्या कल्पनेच्या अंगीं एवढें सामर्थ्य आहे तिचा उपयोग कसा करावा, हा पुढचा प्रश्न मागेंच राहिला.

त्या प्रश्नाचें एक उत्तर साठ वर्षांनीं बंगालमध्यें हुगळीस मिळालें. तेथें जेम्स एस्डेल नांवाचा स्कॉटिश डॉक्टर कंपनी सरकारच्या नोकरींत होता. ४ एप्रिल १८४५ रोजीं अंडवृद्धीच्या शस्त्रक्रियेनें विव्हळणाऱ्या एका कैद्यावर त्यानें मेस्मरच्या रीतीचा प्रथम प्रयोग केला. पुढें तो रुग्णालयांतील एतद्देशीय साहाय्यकांकडूनच काम करवूं लागला. हे तरुण अंधाऱ्या खोलींत रोग्याजवळ बसून तासन्‌तास त्याच्या अंगावरून हात फिरवीत, आणि मग एस्डेल शस्त्र चालवी. आठ महिन्यांत वेदनारहित अशा ७३ शस्त्रक्रिया केल्याची यादी त्यानें १८४६ सालच्या आपल्या पुस्तकांत दिली आहे. हत्तीरोगाच्या अवजड गाठी त्यानें याच रीतीनें काढल्या. सरकारनें समिति नेमून पाहणी करविली, आणि कलकत्त्यास एक लहानसें रुग्णालयहि त्याच्या हवालीं केलें.

तथापि त्याच १८४६ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत अमेरिकेंत बोस्टन येथें ईथर हुंगवून शस्त्रक्रिया झाली, आणि पुढच्याच वर्षीं एडिंबरोस क्लोरोफॉर्म आला. जें करावयास तासन्‌तास लागत तें कांहीं मिनिटांत होऊं लागलें, आणि तें सर्वांवर सारखें चाले. एस्डेलची विद्या मागें पडली, आणि तें योग्यच झालें. मराठीनें मात्र गंमत केली. त्या नव्या औषधाच्या परिणामास तिनें ‘भूल’ हें मोहिनीचेंच नांव दिलें. पण भूल तासाभराची असते. ज्याची कंबर नऊ वर्षें दुखते आहे त्याला रोज भूल कशी देणार? ईथरनें पुढच्या दारानें घालविलेली ही विद्या जुनाट दुखण्याच्या मागच्या दारानें परत आली ती या कारणानें.

मधल्या काळांत तिचें रूपहि बदललें होतें. मँचेस्टरचे शस्त्रवैद्य जेम्स ब्रेड यांनीं १८४१ सालीं असा प्रयोग पाहिला, आणि प्रवाहाची कल्पना टाकून देऊन, एकाग्र झालेल्या मनाचा हा परिणाम आहे असें ठरविलें. ग्रीकांच्या निद्रेच्या देवावरून ‘हिप्नॉटिझम्‌’ हें नांव रूढ झालें तें त्यांच्यामुळें. परंतु ही झोप नव्हे, एकाच विचारांत झालेली तन्मयता आहे, असें पुढें त्यांनींच म्हटलें. ब्रिटिश वैद्यकसंघानें १८९२ सालीं व पुन्हां १९५५ सालीं, आणि अमेरिकन वैद्यकसंघानें १९५८ सालीं, या पद्धतीस वैद्यकांत जागा आहे असें मान्य केलें.

एवढी शिदोरी घेऊन आम्ही गेलों. ज्यांच्याकडे गेलों त्या बाई मनोविकारांच्या डॉक्टर होत्या. काळा झगा नव्हता, लोलक नव्हता. एक साधी खुर्ची व एक भिंत होती. पहिल्या दिवशीं त्यांनीं संमोहन केलेंच नाहीं. सर्व कागद वाचले. पायांत बधिरपणा अथवा अशक्तपणा आहे का, लघवीवरचा ताबा गेला आहे का, ताप येतो का, वजन घटलें आहे का, हें सर्व खोदून विचारलें. पाहुण्याचा निरोप खरोखरच संपला आहे, याची खात्री झाल्यावांचून त्याला गप्प करणें धोक्याचें असतें. मग त्यांनीं विचारलें, “दुखतें तें कसें दुखतें?” आम्ही म्हणालों, “कंबरेवर तापलेला तवा ठेवल्यासारखें.” त्यांनीं तें लिहून घेतलें. दुखणें आहे कीं नाहीं, हें त्यांनीं विचारलें नाहीं, तें कसें आहे एवढेंच विचारलें. आम्हांस त्या क्षणीं साक्षीदार मिळाला.

दुसऱ्या भेटींत त्यांनीं भिंतीवरील एका ठिपक्याकडे टक लावून सावकाश श्वास घेण्यास सांगितलें. पापण्या जड झाल्या आणि मिटल्या. जेथें मनाला स्वस्थता वाटते अशी जागा आम्हीं आधींच सांगून ठेविली होती. ती म्हणजे वाईचा कृष्णेचा घाट, जेथें आमचें बालपण गेलें. त्या एक एक आंकडा मोजीत आणि आम्ही मनानें एक एक पायरी उतरत असूं. विसाव्या पायरीवर त्यांनीं उजवा हात नदींत बुडविण्यास सांगितलें. “मार्गशीर्षांतल्या पहांटेचें पाणी आहे. बोटें गार पडूं लागलीं आहेत; आतां तीं आहेत कीं नाहींत हेंहि नीट कळत नाहीं.” खरोखरच हात बधिर झाला. मग तो गार, बधिर हात कंबरेवर ठेवावयाचा, आणि त्याचा गारवा तेथें उतरूं द्यावयाचा. ‘तवा नाहीं’ असें त्यांनीं एकदांहि म्हटलें नाहीं. “खालचा जाळ थोडा ओढून घेतां येतो का पाहा,” एवढेंच त्या म्हणाल्या.

या सर्व वेळांत आम्ही शुद्धीवर होतों. बाहेर रिक्षा वाजत होत्या, त्या ऐकूं येत होत्या. उठावेंसें वाटलें असतें तर उठून घरीं येतां आलें असतें. वाचकांनीं रंगलेलें कीर्तन ऐकलें असेल. बुवा आख्यानांत शिरले म्हणजे पायाला मुंग्या आलेल्या आरतीपर्यंत कळत नाहींत. पाय तोच, मुंग्या त्याच. लक्ष मात्र दुसऱ्या गांवीं गेलेलें असतें. संमोहनाची स्थिति त्याच जातीची आहे. फरक इतकाच कीं, लक्ष कोठें न्यावयाचें हें येथें ठरवून, शिकून आणि वारंवार घोटून घेतात.

घोटणें हाच यांतील मुख्य भाग. आठवड्यास एक याप्रमाणें आठ भेटी झाल्या. त्यानंतर डॉक्टरीणबाईंचा आवाज मोबाइलमध्यें भरून घेऊन रोज सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटें घरींच अभ्यास. पुढें आवाजाचीहि जरूर राहिली नाहीं. शून्यापासून दहापर्यंत दुखण्यास गुण देऊन वहींत टिपावयाचें असे. आरंभीं आमचा आंकडा सात असे. पहिल्या तीन आठवड्यांत तो तसूभर हलला नाहीं. तीन महिन्यांनीं तो बहुतेक दिवस चारावर राहूं लागला. वाईट दिवस आजहि सातापर्यंत जातो. झोप सुधारली, चालणें वाढलें, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानें गोळ्या निम्म्या झाल्या. कंबर बरी झाली असें म्हणतां येणार नाहीं. पण मनांत जो शब्द येतो तो तह हा आहे; शत्रु राज्यांत आहे, परंतु राजधानी त्याच्या हातीं नाहीं.

आतां मातोश्रींच्या प्रश्नाचें उत्तर. चित्रांत हाड दिसतें, चकती दिसते. दुखणें दिसत नाहीं, कारण तें चित्र ज्याचें काढितात तेथें तें घडतच नाहीं. १९६५ सालीं मेल्झॅक व वॉल या दोघां शास्त्रज्ञांनीं असें मांडिलें कीं, वेदनेच्या वाटेवर पाठीच्या कण्यांत जणूं एक दरवाजा आहे, आणि तो कमीअधिक उघडणें हें कांहीं अंशीं वरून येणाऱ्या मेंदूच्या हुकुमावर अवलंबून असतें. त्यांच्या विचाराच्या तपशीलांत पुढें सुधारणा झाल्या. पण मेंदू हा वेदनेचें टपाल मुकाट्यानें घेणारा नव्हे, तें वाचून त्याचा अर्थ लावणारा आहे, ही गोष्ट पक्की झाली. जुनाट दुखण्यांत जखम भरल्यावरहि मज्जातंतूंची ही यंत्रणा तिखट झालेली राहते. म्हणून चित्र निर्मळ आणि वेदना खरी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं सत्य असूं शकतात.

१९९७ सालीं कॅनडांत माँट्रिअल येथें झालेला एक प्रयोग आम्हांस फार बोलका वाटला. कांहीं माणसांचा हात चटका बसेल इतक्या गरम पाण्यांत ठेविला, आणि संमोहनांत त्यांस सूचना दिली कीं, याचा त्रास आतां अधिक वाटेल, किंवा कमी वाटेल. पाणी तेंच राहिलें. त्या वेळीं मेंदूचीं चित्रें घेतलीं. वेदना कोठें व कशी आहे हें टिपणाऱ्या भागांत फरक दिसला नाहीं. परंतु वेदना छळते, नकोशी होते, या अनुभवाशीं निगडित असलेल्या दुसऱ्या एका भागाचें काम सूचनेप्रमाणें वाढलें व घटलें. आमच्या भाषेंत सांगावयाचें तर, दुखणें आणि दुःख हीं दोन आहेत. दोन्ही शब्द एकाच मुळाचे असल्यामुळें आपण तीं एकच समजतों. पण त्यांच्यामध्यें एक फट आहे, आणि संमोहन शिकवितें तें त्या फटींत बोट घालावयास.

याचा अर्थ ही रामबाण मात्रा आहे असा कोणीं करूं नये. पोटाच्या एका चिवट विकारावर, ज्यांत आंतडीं निर्दोष दिसतात पण पोट दुखत राहतें, मँचेस्टरच्या डॉक्टरांनीं १९८४ सालीं संमोहनाचा चांगला परिणाम दाखविला. कर्करोगाच्या जुनाट वेदनेंत तें उपयोगी पडतें, असा अभिप्राय अमेरिकेंतील एका सरकारी तज्ज्ञमंडळानें १९९६ सालीं दिला. तथापि सर्व माणसें सारखीं सूचनाग्राही नसतात. १९५९ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत ही ग्रहणशक्ति मोजण्याचें माप तयार झालें. त्यावरून कळलें कीं, थोडीं माणसें फार लवकर तन्मय होतात, थोडीं मुळींच होत नाहींत, आणि बाकीचीं आमच्यासारखीं मधलीं. हा कांहीं बुद्धीचा अथवा मनोबलाचा कस नव्हे. गाण्याचा कान असतो तशी ही एक देणगी आहे. म्हणून कोणास गुण आला नाहीं तर त्याला दोष देऊं नये. दुखण्याचें कारण शोधल्यावांचून हा उपाय करूं नये, चालू औषध आपल्या मनानें सोडूं नये, व्यायाम टाकूं नये. उन्मादासारखा मनोविकार असणाऱ्यांनीं तर तज्ज्ञावांचून याच्या वाटेस जाऊंच नये. आणि ‘एका बैठकींत मूळ उपटून काढतों’ असें सांगणाऱ्यापासून, तो कितीहि गोड बोलो, दूर राहावें. ज्याला तुमचें दुखणें संमोहनावांचून तपासतां येत नाहीं त्याच्याकडून संमोहन घेऊं नये, हा नियम सोपा आहे.

शेवटीं एक गोष्ट, जी एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस विशेष सांगावीशी वाटते. डॉक्टरीणबाई एकदां हंसून म्हणाल्या, “मी तुम्हांला आठवड्यांतून एकदां सूचना देतें, तुमच्या घरचीं माणसें रोज वीस वेळां देतात.” विचार करतां तें खरें होतें. ‘आज कसें आहे?’ हा प्रश्न प्रेमाचा. परंतु दहा माणसांनीं तो विचारला म्हणजे उत्तर शोधावयास दहा वेळां कंबरेंत उतरावें लागतें. ‘जपा हो, पुन्हां धरेल’ ही काळजीच. पण तिच्यांत धरण्याचें आमंत्रणहि असतें. लहान मूल पडलें तर आई गुडघ्यावर फुंकर घालते आणि ‘गेलें, गेलें, मुंगी मेली’ म्हणते, तेव्हां तीहि सूचनाच देत असते. आणि मुलाचें रडणें थांबतें तें खोटें थांबत नाहीं. घरांतील शब्दांनीं फुंकर घालतां येते, तसें निखाऱ्यावर वारेंहि घालतां येतें.

हें सर्व आम्हीं जेवणाच्या वेळीं सर्वांपुढें मांडिलें. कोणासहि राग आला नाहीं. दुखण्याची चौकशी दिवसांतून एकदांच, आणि तीहि एकट्या सौभाग्यवतीनें करावयाची, असें ठरलें. बाकीच्यांनीं इतर काय हवें तें विचारावें. तेव्हांपासून आमच्याशीं घरांत राजकारण, आंब्यांचे भाव आणि नातवांच्या परीक्षा यांवर पुन्हां भांडणें होऊं लागलीं, आणि त्यांत आम्हांस जें सुख वाटलें तें वर्णन करणें कठीण आहे. मातोश्रींनीं मात्र आपली वाट निराळी काढली. ज्या खोलींत आम्ही संध्याकाळीं पंधरा मिनिटें दार लावून बसतों, तींतून बाहेर आल्यावर त्या विचारतात, “काय रे, घाटावर जाऊन आलास? पाणी होतें का?” चित्रांत न दिसणाऱ्या गोष्टीवर याहून मोठा विश्वास कोणीं ठेवावा?

जुनाट दुखणें भोगणारें माणूस बहुतेक प्रत्येक घरांत एक तरी असतें. त्याला आपण ‘हें मनाचें आहे’ असें म्हणतों, तें वाक्य पुष्कळदां दार लावून घेण्यासारखें असतें. पण मन कांहीं परक्याच्या घरीं राहत नाहीं. दुखण्याचा थोडासा भागहि जर मनाच्या हातचा असेल, तर ती हिणविण्याची गोष्ट नव्हे, आशेची आहे. कारण कंबरेचे मणके बदलणें आपल्या हातीं नाहीं, पण मनाला पायऱ्या उतरावयास शिकवितां येतें. तें शिकण्यास एक जाणता मार्गदर्शक लागतो, बरीच चिकाटी लागते, आणि ‘दुखतें’ म्हटल्यावर ‘दुखत असेल’ असें म्हणणारें घर लागतें. पहिल्या दोन गोष्टी विकत अथवा कष्टानें मिळतील. तिसरी मात्र आपणच एकमेकांस द्यावयाची आहे.